कुंपणाकडेला यंदा काय लावावे?

मृग नक्षत्र जवळ आले की आमच्या बुऱ्हाणपुरातील बागवेड्या मंडळींचे पाय आपोआप रोपवाटिकेकडे वळतात. फाटकापासून परसापर्यंत कुंपणाच्या कडेने जाणारे वाफे हा माझ्याही अनेक वर्षांच्या आवडीचा विषय. दरवर्षी त्यांत दोन-चार नवी झाडे यावीत, एवढाच माझा नेम. यंदा मात्र नवे लावण्यापूर्वी एक जुने झाड काढण्याचा निर्णय घ्यावा लागला, आणि तो निर्णय घ्यायला मला तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

आमच्या कुंपणालगत पिवळ्या कण्हेरीची रांग होती. वडिलांनी घर बांधले त्या वर्षी ती लावली. ऊन सोसणारी, पाणी न मागणारी, शेळ्या-गुरे जिच्याकडे पाहतही नाहीत अशी ही झाडे. आई रोज पहाटे त्यांची फुले परडीत घेऊन महादेवाला वाहत असे. आम्ही भावंडे तिच्या फळांतल्या बिट्ट्या खेळत मोठे झालो.

पुढे मी डॉक्टर झालो. उमेदवारीच्या दिवसांत एका रात्री सहा वर्षांची एक मुलगी उलट्या होतात म्हणून दाखल झाली. उन्हाळ्याचे दिवस होते. बाधलेले अन्न किंवा दूषित पाणी, असा तर्क करून मी सलाईन लावले आणि निर्धास्त झालो. पहाटे नाडी पाहिली तर ती मिनिटाला चाळीसच्या आसपास! ईसीजीत हृदयाचे ठोके अडखळताना दिसत होते. त्या वेळी तिच्या वडिलांनी फ्रॉकच्या खिशातून एक फोडलेली बिट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. ॲट्रोपिन देऊन तिला मोठ्या रुग्णालयात हलविले. सुदैवाने ती वाचली. मात्र 'मूल कुठे खेळत होते, तोंडात काय घातले?' हा साधा प्रश्न मी रात्री विचारला नव्हता, याची बोच आजही कायम आहे.

पिवळ्या कण्हेरीच्या सर्वांगात, आणि सर्वाधिक बियांत, डिजॉक्सिनसारखी क्रिया करणारी ग्लायकोसाइडे असतात. नाडी मंदावते, रक्तातील पोटॅशियम वाढते, हृदयातील विद्युत्संदेशांच्या वहनाला अडथळा येतो. श्रीलंकेत १९८० नंतर या बियांच्या विषबाधेने सार्वजनिक आरोग्याच्या गंभीर प्रश्नाचे रूप घेतले. २००० साली तेथील वैद्यकांनी डिजॉक्सिनविरोधी प्रतिपिंडांचा उपयोग चाचणीने सिद्ध केला, पण ते औषध महाग आणि दुर्मीळ. हे सारे मला ठाऊक होते. पालकांना मी बजावतही असे. घरची रांग मात्र तशीच उभी राहिली. वडिलांची आठवण आणि आईची पूजा यांच्या आड मी माझा आळस लपविला, असेच आता म्हणावे लागेल.

यंदा पावणेदोन वर्षांचा नातू राहायला येणार असे ठरले, तेव्हा मी धीर करून आईजवळ विषय काढला. तिचे वय शहाऐंशी. क्षणभर ती गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, महादेवानं विष स्वतः घेतलं, दुसऱ्याच्या वाटेत नाही ठेवलं. काढून टाक." तीस वर्षांचा प्रश्न तिने एका वाक्यात सोडविला.

ही झाडे काढताना काही पथ्ये पाळावीत. चीक हाताला वा डोळ्यांना लागू देऊ नये. फांद्या जाळू नयेत, कारण त्यांचा धूरही अपायकारक. गुरांपुढे तर मुळीच टाकू नयेत. आम्ही सर्व पालापाचोळा खड्ड्यात पुरला आणि मातीतल्या बिट्ट्या एकेक करून वेचल्या. रिकामा वाफा फार दिवस तसाच सोडणेही योग्य नव्हते. पुण्यात १९५५च्या सुमारास प्रथम आढळलेले गाजरगवत आता मोकळी जागा मिळेल तिथे शिरते. त्वचारोग आणि दम्याच्या रुग्णांना त्याचा त्रास किती, हे आपण जाणतोच.

निवडीपूर्वी जमिनीची प्रकृती पाहावी. आपल्याकडील कापसाची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते. म्हणून वाफे वीतभर उंच करून तापीची वाळू व शेणखत मिसळले. पाण्याचेही तसेच. १६१५च्या सुमारास, खानखानान अब्दुर्रहीम यांच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारे पाणी शंभराहून अधिक कुंड्यांच्या साखळीने शहरात आणणारा कुंडी भंडारा आपल्या गावचे भूषण. त्याच्या आतील भिंतींवर चुन्याचे थर साचलेले दिसतात. अशा जड पाण्यावर आणि काळ्या मातीत अनंत किंवा इक्झोरा लावला की त्याला मातीतले लोह घेता येत नाही. पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तो पांडुरोगच! माझ्या दोन अनंतांनी याच दुखण्याने प्राण सोडले आहेत.

बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांतील रंगीत ताटवे पाहून मन मोहते, हे खरे. त्यांत उंच घंटाफुलांची डिजिटॅलिस हमखास असते. विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली जिच्यावर ग्रंथ लिहिला आणि जिच्यापासून हृदयरोगाचे औषध मिळाले, तीच ही वनस्पती. पण पंचेचाळीस अंशांकडे झुकणाऱ्या आपल्या वैशाखात ती तग धरणार नाही, आणि तिचे विष कण्हेरीच्याच कुळीचे काम करते. तेव्हा परक्या चित्रांचा मोह सोडून मी परिचित झाडांकडे वळलो.

तारेच्या कुंपणावर गोकर्ण चढविली. महादेवाला तिची निळी फुले प्रिय मानतात. ही वेल शेंगवर्गीय असल्याने जमिनीला नत्रही देते. तिच्या बिया रेचक असल्यामुळे शेंगा वाळण्यापूर्वी खुडायच्या, एवढे ध्यानात ठेवले आहे. मागच्या कोपऱ्यात पारिजातक. उन्हाच्या बाजूला बिनकाट्यांची जांभळी कोरांटी, जी पाऊस सरल्यावर फुलते. भिंतीच्या अर्धसावलीत अबोली. तिच्या वाळलेल्या शेंगा पाण्याचा थेंब पडताच तडतडून फुटतात. मुलांसाठी हा बिट्ट्यांपेक्षा केव्हाही बरा खेळ. पुढच्या ओळीत दसऱ्यासाठी झेंडू. त्याची मुळे जमिनीतील सूत्रकृमींना आळा घालतात, हे आपल्याकडील केळीबागायतदारांना निराळे सांगायला नको. टोकाला माती धरून ठेवणारा गवती चहा, आणि स्वयंपाकघराजवळ कढीपत्ता, ज्याच्यावर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात.

सदाफुलीविषयी मात्र मन द्विधा झाले. तिच्यातील व्हिन्क्रिस्टिनने रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या असंख्य बालकांना आयुष्य दिले, पण ते द्रव्यही मुळात विषच. तिला मी गच्चीवर उंच जागा दिली. कुंड्यांखाली ताटल्या ठेवलेल्या नाहीत. साचलेल्या घोटभर पाण्यातही डेंग्यूचे डास वाढतात.

व्यवसायबंधूंना एक विनंती. अनेक दवाखान्यांच्या आवारात गुरे खात नाहीत म्हणून कण्हेर लावलेली असते. तिच्याकडे एकवार पाहावे. उलट्या करणाऱ्या मुलाच्या पालकांना घराभोवतीच्या झाडांविषयी विचारावे, आणि शंका आल्यास पान किंवा फळ मागवून घ्यावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १९९५पासून अशा प्रसंगी सल्ला देत आले आहे.

शेजारच्या हिंदी भाषक कुटुंबाचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. पहिल्या सोमवारी शेजारीणबाई नेहमीप्रमाणे कण्हेरीच्या फुलांसाठी आल्या आणि उघडे कुंपण पाहून थबकल्या. आईने त्यांना परसातली बेलाची पाने दिली व म्हणाली, "आमच्या श्रावणात या, निळी फुलं देते." दिलेला शब्द गोकर्णीने पाळला. त्या सोमवारी आईच्या परडीत पाच फुले होती. त्यांतले एक नातवाने खाली बसून मातीतून उचलले, न्याहाळले आणि, मुलांच्या रीतीप्रमाणे, तोंडाकडे नेले. मी जागचा हललो. मग आठवले की आता कुंपणाला कण्हेर नाही. फूल हळूच त्याच्या हातातून घेऊन मी परडीत ठेवले.