गाणाऱ्या मुलासाठी महाविद्यालय

पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि संगीतशिक्षणास अभ्यासक्रम, परीक्षा व सनद यांची जोड मिळवून दिली. तथापि विशारदाची सनद पदरी असलेला प्रत्येक जण मैफलीचा गवई होतोच असे नाही, हे ज्या पालकाने ध्यानी घेतले, त्याची निम्मी विवंचना तेथेच मिटली. अध्यापनाची नोकरी हवी असेल, तर विद्यापीठाची पदवी पाहावी. मैफल गाजवावयाची असेल, तर गुरू पाहावा. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने पदवीच्या चौकटीतही गुरुकुलाची वाट मोकळी ठेवली आहे, तर कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत शिष्य गुरूच्या सान्निध्यातच वाढतो.

अर्ज भरण्यापूर्वी, टोलेजंग इमारत आणि गुळगुळीत माहितीपत्रक क्षणभर बाजूस सारून, एखाद्या सकाळी परवानगीने वर्गात बसावे. तानपुऱ्याची जवारी बिघडली असता घोडीवरचा दोरा सरकवून ती खुलवणे विद्यार्थ्यांना येते की यंत्राची कळ दाबून काम भागते, आणि तासाभरात एकेका गळ्याच्या वाट्यास गुरूची किती मिनिटे येतात, हे पाहावे. वीस जण एका सुरात पलटे घोकत असतील, तर ती कवायत झाली, तालीम नव्हे. फीची चौकशी काय, दप्तरात पाच मिनिटांत होते.

आणि प्रवेश मिळाला, तरी घरच्या गुरुजींची शिकवणी लगोलग बंद करू नये.