पेठांच्या ईर्षेवर उभं राहिलेलं फुटबॉल

दिवाळी सरली की कोल्हापुरात पेठापेठांतल्या गप्पांचा विषय बदलतो. यंदा कोण कुठल्या तालमीकडून खेळणार, गोलात कोण उभा राहणार, आघाडीला कोण, पहिली गाठ कुणाशी, याच गोष्टी चहाच्या गाड्यापासून पारापर्यंत चालतात. पुढे पावसाळ्याच्या तोंडापर्यंत शाहू स्टेडियमवर सामने रंगतात. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, उत्तरेश्वर ही नावं इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. महाराष्ट्रात फुटबॉल मुंबई-पुण्यातही खेळलं जातं, पण पेठेच्या अभिमानावर आणि पेठेच्या वर्गणीवर पिढ्यान् पिढ्या चाललेलं फुटबॉल बघायचं तर कोल्हापूरच गाठावं लागतं.

या खेळाचं मूळ लाल मातीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं. पेठेपेठेत तालमी होत्याच. तिथे पोरं जोर-बैठका मारायची, वस्तादाचा शब्द मानायची आणि आपल्या तालमीचं नाव राखायला झटायची. फुटबॉल आलं तेव्हा त्याला नवी संस्था शोधावी लागली नाही. तालमीनेच पोरांना संघ दिला, पोशाख दिला, पाठीशी उभी राहणारी गल्ली दिली. म्हणून आजही संघांच्या नावात ‘तालीम मंडळ’ आहे आणि खेळाडू मैदानात उतरतो तो आखाड्यातल्या पैलवानाच्या जिद्दीने.

कुस्तीकडून फुटबॉलला आणखी एक शिस्त मिळाली. आखाड्यात उतरताना पैलवान मातीला वंदन करतो, कुस्ती लागण्याआधी प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवतो. चितपट झाल्यावर वाद घालत बसत नाही, पुढच्या कुस्तीची तयारी करतो. खेळातली ईर्षा खेळापुरती ठेवायची हा धडा तालमीच्या पोरांना फुटबॉलच्या आधीच मिळालेला असतो. तो किती टिकतो हे मात्र दर हंगामात पुन्हा सिद्ध करावं लागतं.

ही ईर्षा सांभाळण्याचं काम कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन म्हणजे केएसए करते. खेळाडूंची नोंदणी तिच्याकडे होते, साखळी स्पर्धा ती भरवते, पंच आणि वेळापत्रक ती ठरवते. साखळीशिवाय महापौर चषकासारख्या बाद फेरीच्या स्पर्धा होतात. साखळीत चिकाटीची परीक्षा असते, बाद फेरीत त्या दिवसाच्या हिमतीची. गुणतक्त्यात तळाला गेलेल्या संघावर खालच्या गटात उतरण्याची टांगती तलवार असते. त्यामुळे विजेतेपदाच्या शर्यतीत नसलेले दोन संघही शेवटच्या मिनिटापर्यंत जीव तोडून खेळतात.

नोंदणीचे दिवस तर बघण्यासारखे. गेल्या वर्षी ज्याच्या गोलने आपण हरलो तोच यंदा आपल्या तालमीचा होतो आणि आपला हुकमी खेळाडू समोरच्या संघात जातो. परराज्यांतले, आफ्रिकेतलेही खेळाडू इथे येऊन पेठेच्या नावाने खेळले आहेत. एकाच शाळेच्या संघातून सुब्रतो चषकाचे सामने खेळलेली पोरं पुढे वेगवेगळ्या तालमींकडून समोरासमोर येतात. नव्वद मिनिटं एकमेकांना अडवणारे हे दोघे दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावात, त्याच रस्त्यावर भेटणार असतात. प्रतिस्पर्धी शेजारीच असेल, तर त्याच्याशी कायमचं वैर परवडत नाही. कोल्हापूरच्या फुटबॉलचं खरं बळ या शेजारात आहे.

मैदानावरचं सौजन्य काही कागदावरच्या नियमांतून येतं, काही न लिहिलेल्या रिवाजांतून. पंचांशी हुज्जत घातली तर पिवळं कार्ड, गंभीर आगळीक केली तर लाल, हे झालं कागदावरचं. ही कार्डं जगात पहिल्यांदा वापरली गेली ती १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात. पण खेळाडू जखमी होऊन पडला की चेंडू बाहेर मारावा आणि खेळ सुरू झाल्यावर समोरच्यांनी तो सभ्यपणे परत द्यावा, ही सक्ती कुठल्याही कलमात नाही. ती खेळाडूंनी आपसात पाळलेली रीत आहे. लहान वयात ती एकदा अंगात मुरली की कार्डं काढायची वेळ कमी येते.

सभ्यपणाने सामना जिंकता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी २०१८ चा विश्वचषक आठवावा. जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोलफरक आणि केलेले गोल सारखे होते. त्यांचा आपसातला सामनाही २-२ असा सुटला होता. शेवटी कुणाला पिवळी कार्डं कमी मिळाली ते पाहिलं गेलं. जपानला चार, सेनेगलला सहा. जपान पुढच्या फेरीत गेला, सेनेगल घरी परतला.

कोल्हापुरात सगळंच गोड आहे असं नाही. समर्थकांत हाणामाऱ्या झाल्या आहेत, मैदानात बाटल्या आणि दगड आले आहेत, हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागले आहेत. बहुतेक वेळा खेळाडूंपेक्षा बाहेर बसलेल्यांचाच तोल जातो. हा प्रश्न हलका घेऊन चालत नाही. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात ईडन गार्डन्सवर उसळलेल्या दंगलीत आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षकांचा जीव गेला. त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी रक्तदान होतं. अशी किंमत मोजण्याआधी शहाणं व्हावं, हे प्रत्येक तालमीच्या ज्येष्ठांचं कर्तव्य आहे. आपल्या पोराने शिवी दिली तर पहिला जाब आपल्याच तालमीने विचारायला हवा.

तालमीची पोरं ईर्षा बाजूला ठेवू शकतात याचा पुरावा मैदानाबाहेर मिळाला आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तालमी आणि तरुण मंडळांचे कार्यकर्ते मदतीला धावले. पाण्यात अडकलेला माणूस कुठल्या पेठेचा, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

याच मातीने अनिकेत जाधव दिला. कोल्हापूरचा हा मुलगा क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मुलींच्या फुटबॉलमध्ये एफसी कोल्हापूर सिटीचा संघ इंडियन विमेन्स लीगपर्यंत पोचला. पेठेच्या गल्लीतून देशाच्या संघात जाता येतं, हे आता इथल्या मुलामुलींना सांगावं लागत नाही.

हे सगळं राज्याच्या दुसऱ्या टोकाला, नंदुरबारमध्ये वाचणाऱ्याने मनावर घ्यावं असं आहे. धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. सातपुड्याच्या चढउतारावर वाढणाऱ्या पोरांच्या पायांत दम आहे, आश्रमशाळांमध्ये एकत्र राहणारी मुलं आहेत. १५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’च्या निमित्ताने राज्यभरातल्या शाळांच्या मैदानांवर फुटबॉल खेळलं गेलं. सुब्रतो चषकाची वाटही जिल्ह्यापासून सुरू होऊन विभाग आणि राज्य अशी पुढे जाते. पण एक दिवसाचा उपक्रम आणि वर्षातून एकदा येणारी शालेय स्पर्धा एवढ्यावर खेळ रुजत नाही. त्याला वर्षभर वाट पाहावी असा शेजारचा प्रतिस्पर्धी लागतो.

असा शेजार जपणं नंदुरबारला नवं नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला गावोगावचे लोक आपापले ढोल घेऊन येतात. प्रत्येक गावाला आपल्या ढोलाचा अभिमान असतो आणि तरीही होळी सगळ्यांची एकच असते. तळोद्याची शाळा शहाद्याशी, धडगावची आश्रमशाळा मोलगीशी दर महिन्याला खेळू लागली, तर हाच स्वभाव मैदानावर उतरेल. त्यासाठी मोठं स्टेडियम नको. सपाट जागा, दोन गोलपोस्ट, जाणता पंच आणि वर्षभराचं वेळापत्रक पुरेसं आहे. सामना संपल्यावर दोन्ही संघांनी एकत्र बसून जेवावं, हा नियम पहिल्या दिवसापासून घालावा.

नंदुरबारच्या क्रीडाशिक्षकांना, आश्रमशाळांच्या मुख्याध्यापकांना आणि गावच्या तरुण मंडळांना एवढीच विनंती आहे: या हंगामात आपल्या शेजारच्या गावाला सामन्याचं आमंत्रण पाठवा, आणि हरलात तर परतीचा सामना ठरवूनच घरी या.