विमान सुटते, नोकरी सुटत नाही

17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून निघालेले जेट एअरवेजचे विमान मुंबईत उतरले आणि पाव शतकाहून अधिक काळ उडणारी एक कंपनी थांबली. तोवर तिच्या वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. आधीच्या वर्षापासूनच पैसे उशिराने आणि तुकड्यातुकड्याने येत होते. 1 एप्रिलपासून विमाने उडवायची नाहीत असे नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड या त्यांच्या संघटनेने जाहीर केले, मग ती तारीख 15 एप्रिलवर नेली आणि नंतर तीही पुढे ढकलली. बहुतेक वैमानिक शेवटपर्यंत कॉकपिटमध्ये बसत राहिले.

चार वर्षांनी मुंबईच्याच दुसऱ्या एका कंपनीत याच्या नेमके उलटे घडले. ऑगस्ट 2022 मध्ये मुंबई–अहमदाबाद फेरीने सुरू झालेल्या आकासा एअरचे 43 वैमानिक 2023 मध्ये नोटिशीचा काळ पुरा न करताच निघून गेले. पगार थकल्याची तक्रार नव्हती. कंपनीची शेकडो उड्डाणे रद्द झाली आणि प्रकरण मुंबई व दिल्ली उच्च न्यायालयांत पोहोचले.

पहिल्यांना निष्ठावान आणि दुसऱ्यांना पैशाचे लोभी ठरवून मोकळे होता येते. त्या वेळच्या चर्चांत अनेकांनी तसे केलेही. मला ही दोन्ही विशेषणे अन्यायाची वाटतात. वैमानिक कंपनीवर खूश आहे की नाराज, एवढ्यावरून तो राहील की जाईल हे सांगता येत नाही. त्याच्या हाती कोणते विमान आहे आणि त्या विमानासाठी त्या महिन्यात बाजारात कोण माणसे घेत आहे, हे आधी पाहावे लागते.

जेटच्या ताफ्यात सर्वाधिक विमाने बोइंग 737 होती. आकासाकडेही 737 च आहेत. एसटीचा ड्रायव्हर आज लेलँडच्या गाडीवर, उद्या टाटाच्या गाडीवर बसू शकतो, पण 737 चा कॅप्टन दुसऱ्या दिवशी एअरबस 320 वर बसू शकत नाही. दोन्ही विमाने आकाराने जवळपास सारखी, मार्गही तेच. तरीही प्रत्येक प्रकारासाठी परवान्यावर वेगळी नोंद लागते, तिला टाइप रेटिंग म्हणतात. त्यासाठी वर्ग, मग सिम्युलेटर, मग प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली प्रवाशांसह प्रत्यक्ष उड्डाणे. यात महिने जातात आणि खर्च लाखांत होतो. तो कोणी सोसायचा, हा नोकरी बदलतानाचा पहिला प्रश्न.

आता 2019 चा वसंत पाहा. देशात सगळ्यात वेगाने वाढणारी इंडिगो एअरबसवाली. गोएअरकडेही एअरबस, एअर इंडियाच्या देशांतर्गत सेवेतही एअरबसच. 737 उडवण्याच्या मोठ्या नोकऱ्या जेटखेरीज स्पाइसजेट आणि एअर इंडिया एक्स्प्रेस एवढ्यांकडेच. त्यात 10 मार्चला इथिओपियात 737 मॅक्स कोसळले आणि तीन दिवसांत भारतानेही ते मॉडेल जमिनीवर आणले. म्हणजे जेटचा पगार थकलेला असतानाच त्याच्या वैमानिकांची बाजारपेठही आक्रसली. पुढे स्पाइसजेटने जेटची काही विमाने आणि त्यांच्यासोबत काही वैमानिकही घेतले, अनेकांना आधीपेक्षा कमी पगारावर. 2023 मध्ये चित्र पालटले होते. टाटांच्या ताब्यात आलेली एअर इंडिया एक्स्प्रेस नवी 737 मॅक्स आणण्याच्या तयारीत होती, आणि आकासाच्या वैमानिकांना समोर दार उघडे दिसले. 2012 मध्ये किंगफिशर बुडाली तेव्हा तिच्या एअरबसवाल्यांपुढेही असाच रस्ता होता, कारण इंडिगोला तेव्हा एअरबसवरचे लोक हवेच होते.

जेटच्या लोकांना धरून ठेवणारी आणखी एक गोष्ट होती, थकलेला पगार. आठ-दहा लाख येणे असलेला माणूस राजीनामा देताना दहादा विचार करतो, कारण कंपनी वाचली तर आत असलेल्याचे पैसे आधी निघतील असे त्याला वाटते. प्रत्येक नव्या थकीत महिन्यागणिक जाणे अवघड होत जाते. कंपनीला नवा मालक मिळेल ही आशा पाच वर्षे टांगून राहिली. 7 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने जेट अवसायनात काढण्याचा आदेश दिला.

पण नावडती नोकरी धरून राहण्याची सुरुवात याच्या किती तरी आधी होते. गोंदियाजवळच्या बिरसीला, बारामतीला, धुळ्याला किंवा शिरपूरला जाऊन पाहा. एकोणीस-वीस वर्षांची मुले-मुली व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे 200 तास जमवत असतात. त्याचा खर्च पन्नास लाखांच्या आसपास किंवा वर जातो, टाइप रेटिंगचा वेगळा. बहुतेक घरांत हे पैसे साठलेले नसतात. वडिलांचा फ्लॅट किंवा गावची जमीन बँकेकडे जाते. परवाना हातात आला तरी नोकरी लगेच मिळते असे नाही, आणि न उडता काही महिने गेले तर हातातली रेटिंग्ज पुन्हा चालू करून घ्यायला पुन्हा पैसे लागतात. अशा मुलाला पहिली नोकरी देणारी कंपनी कशीही असो, ती सोडण्याचा विचार हप्ता फिटेपर्यंत मनात येत नाही. अनेक कंपन्या वर बॉण्डही लिहून घेतात, म्हणजे ठरलेल्या वर्षांच्या आत गेलात तर प्रशिक्षणाचा खर्च भरून जा.

वैमानिकाच्या नाराजीचे एक वैशिष्ट्य समजून घ्यायला हवे. ऑफिसातला कंटाळलेला माणूस बहुधा कामालाच कंटाळलेला असतो. वैमानिकाला काम मात्र आवडत असते. पावसाळ्यात मुंबईच्या सत्तावीस नंबरच्या धावपट्टीवर आडव्या वाऱ्यात विमान नीट टेकवण्याचे समाधान त्याला कोणतीही वाईट कंपनी नाकारू शकत नाही. त्याला नकोसे होते ते रोस्टर, आदल्या संध्याकाळी बदललेली ड्युटी, घरापासून लांबचा बेस, रजेच्या अर्जाला न येणारे उत्तर. काम प्रिय आणि नोकरी अप्रिय, अशी गाठ पडली की माणूस वर्षानुवर्षे राहतो आणि वर्षानुवर्षे कुरकुरतो. त्या कुरकुरीला सवय समजून व्यवस्थापन दुर्लक्ष करते, आणि मोठी चूक तिथेच होते.

मग माणूस जातो कधी? याचे वेळापत्रक बरेचसे कमांडशी बांधलेले असते. खांद्यावर तीन पट्ट्या असलेल्या फर्स्ट ऑफिसरला चौथी पट्टी मिळणे म्हणजे कॅप्टन होणे. त्यासाठी 1,500 तासांचा अनुभव, एटीपीएल हा वरचा परवाना, कंपनीच्या परीक्षा आणि मुख्य म्हणजे कंपनीत रिकामी जागा लागते. कमांड वर्षभरावर आली असेल तर बहुतेक जण कितीही त्रास सोसून थांबतात, कारण दुसरीकडे गेले तर रांग पुन्हा पहिल्यापासून. कमांड मिळून काहीशे तास झाले की तोच माणूस बाजारात सगळ्यात मौल्यवान होतो, कारण नव्या कंपन्यांना तयार कॅप्टन हवे असतात. आणि कमांड वर्षानुवर्षे पुढे सरकत राहिली तर फर्स्ट ऑफिसरही निघतो.

ही रांग किती खोल रुजलेली असते, हे एअर इंडियाच्या 2012 च्या संपात दिसले. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या. नव्या बोइंग 787 ड्रीमलायनरचे प्रशिक्षण पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही मिळणार म्हटल्यावर मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांच्या इंडियन पायलट्स गिल्ड या संघटनेचे सदस्य मे महिन्यात कामावर येईनासे झाले. संप 58 दिवस चालला. शंभराच्या आसपास वैमानिकांना काढण्यात आले, नंतर तडजोड झाली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले, एका विमानासाठी एवढे? पण मोठ्या विमानावरची कमांड किती वर्षे लांबणार, याचा तो हिशेब होता, आणि तो हिशेब पायलटच्या निवृत्तीपर्यंत पुरतो.

अमेरिकेत ही रांग आणखी कडक आहे. तिथल्या मोठ्या कंपन्यांत पगार, विमानाचा प्रकार, सुट्टी, बेस, सगळे सेवाज्येष्ठतेच्या यादीवर ठरते, आणि कंपनी बदलली की वीस वर्षांचा कॅप्टनही नव्या यादीच्या तळाला जातो. त्यामुळे तिथला पन्नाशीचा पायलट नाराज असला तरी सहसा हलत नाही. 15 जानेवारी 2009 ला हडसन नदीत विमान उतरवून 155 जणांना वाचवणारे कॅप्टन चेस्ली सलनबर्गर महिन्याभराने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्षीला गेले. त्यांनी सांगितले की आपला पगार 40 टक्क्यांनी कापला गेला, निवृत्तिवेतनाची योजना बंद पडून तिच्या जागी नाममात्र हमी उरली, आणि आपल्या मुलांनी या व्यवसायात यावे असे वाटणारा एकही व्यावसायिक वैमानिक आपल्या ओळखीचा नाही. देशभर ज्याचे कौतुक चालले होते तो माणूस हे बोलत होता, आणि त्यानंतरही तो काही काळ त्याच कंपनीचे विमान उडवत राहिला.

भारतात कॅप्टन थेट कॅप्टन म्हणून दुसरीकडे जाऊ शकतो, म्हणून इथे अडसर वेगळा घालावा लागला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, 2005 मध्ये वैमानिकांना सहा महिन्यांच्या नोटिशीचे बंधन घातले. अचानक राजीनाम्यांनी प्रवाशांचे हाल होतात, हे त्यामागचे कारण. 2017 मध्ये कॅप्टनसाठी हा काळ एक वर्ष करण्यात आला, फर्स्ट ऑफिसरसाठी सहा महिनेच राहिला. एक वर्षाने रुजू होणाऱ्या माणसासाठी जागा रिकामी ठेवणारा मालक दुर्मीळ. परदेशी कंपनी तर फारच क्वचित थांबते. नोटिशीचा नियम पूर्णपणे चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. पण तो एकाच बाजूला जड आहे. कंपनी पगाराची रचना वर्षभर आधी कळवून बदलत नाही.

जाण्याची वाट अशी लांबवली आणि बोलण्याचीही सोय राहिली नाही, की नाराजी तिसऱ्याच वाटेने बाहेर पडते. 2009 मध्ये जेटच्या वैमानिकांनी संघटना काढली म्हणून दोघांना काढून टाकले गेले. सप्टेंबरमध्ये शेकडो सहकारी एकाच वेळी आजारी पडले आणि पाच दिवस मुंबई-दिल्लीत प्रवाशांचे हाल झाले. एप्रिल 2024 मध्ये विस्तारा या विमान कंपनीत तेच झाले. एअर इंडियात विलीन होण्याआधी नवा करार पुढे आला. त्यात हमखास मिळणारा पगार 70 तासांऐवजी 40 तासांच्या उड्डाणावर मोजला जाणार होता. त्याहून अधिक उडालात तर अधिक पैसे. कागदावर ते समतोल दिसते, पण घराचा हप्ता हमीच्या आकड्यावर चालतो. काही दिवसांतच आजारी रजांचे अर्ज वाढले, कंपनीला रोजची उड्डाणे कमी करावी लागली. सामूहिक आजारपणाचे मी समर्थन करत नाही, विमानतळावर म्हाताऱ्या आईबापांना घेऊन बसलेल्या माणसाचा त्यात काही दोष नसतो. पण नियमांनी बाकीची दारे लावून घेतल्यावर हेच उरते, हेही मान्य करायला हवे.

थकव्याचे दुःख तर प्रत्येक पायलट सांगतो. नियमानुसार वर्षाला 1,000 तासांपर्यंत उडता येते, म्हणून बाहेरच्याला वाटते, किती कमी काम! पण हे तास विमान हलल्यापासून थांबेपर्यंतचे. त्याआधीचे रिपोर्टिंग, दोन फेऱ्यांमधली वाट पाहणे, पहाटे दोनला घरून निघणे, यांतले काहीच त्यात धरलेले नसते. डीजीसीएने जानेवारी 2024 मध्ये नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती 36 वरून 48 तास, रात्रीची व्याख्या मध्यरात्र ते पहाटे सहा, आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर. कंपन्यांच्या विरोधाने ते लांबले, दिल्ली उच्च न्यायालयातून वाट काढत जुलै आणि नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि सरकारला तात्पुरती सूट द्यावी लागली. जवळपास दोन वर्षे हाताशी असताना पुरेशी भरती झाली नाही, असे वैमानिकांच्या संघटनांचे म्हणणे होते, आणि ते मला पटते.

आणखी एक भीती आहे, तिच्याबद्दल वैमानिक मोकळेपणी बोलत नाहीत. वैद्यकीय तपासणी दरवर्षी, साठीनंतर दर सहा महिन्यांनी. सिम्युलेटरची परीक्षा दर सहा महिन्यांनी. एका अहवालाने उत्पन्न शून्यावर येऊ शकते. नोकरीने झोप उडाली, मन खचले, हे डॉक्टरला सांगणे म्हणजे परवाना पणाला लावणे, असे अनेकांना वाटते. मार्च 2015 मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने आपला आजार लपवून 150 जणांसह विमान डोंगरावर आदळवले, तेव्हापासून जगभर सहकाऱ्यांच्या मदतगटांचा आग्रह वाढला. डीजीसीएनेही 2023 मध्ये तशा सूचना काढल्या. मात्र परवाना जाणार नाही याची खात्री वाटल्याशिवाय त्या गटात कोण बोलेल?

भारतातल्या वैमानिकांत सुमारे 15 टक्के स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. त्यांच्या बाबतीत राहण्या-जाण्याचा निर्णय बहुधा बेसवर ठरतो. आजी-आजोबा पुण्यात आणि बेस दुसऱ्या टोकाला, अशा वेळी जास्त पगाराची नोकरी नाकारून कमी पगाराची घराजवळची नोकरी धरणे हा पूर्ण विचारांती केलेला हिशेब असतो.

एअर इंडियाने 2023 च्या फेब्रुवारीत 470 आणि इंडिगोने जूनमध्ये 500 विमानांची मागणी नोंदवली. ही विमाने उडवायला जी मुले-मुली आज कर्ज काढून शिकत आहेत, त्यांच्या पालकांनी पहिल्या करारावर सही होण्याआधी काही गोष्टी वाचून घ्याव्यात. बॉण्ड किती वर्षांचा आणि दरवर्षी त्याची रक्कम कमी होते का. हमीचा पगार किती तासांवर आहे. कंपनी बेस बदलू शकते का, आणि बदलला तर घरभाडे कोण देणार. विमान कोणते, आणि ते देशात आणखी किती कंपन्या उडवतात. आजारपणात परवाना गेला तर त्याचा विमा कंपनी काढते की स्वतः काढायचा. आणि पगार थांबला, तर नोटिशीचा काळ कमी करून घेता येईल का, हे करारात कुठे लिहिले आहे.