फेकीची व दूरपल्ल्याची शस्त्रे (डंजन्स अँड ड्रॅगन्स)

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या खेळात शत्रूवर अंतरावरून हल्ला करण्यासाठी फेकीची शस्त्रे (भाला, हातकुऱ्हाड, खंजीर) आणि दूरपल्ल्याची शस्त्रे (धनुष्य, क्रॉसबो, गोफण) वापरली जातात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली प्रथम प्रकाशित झाला. येथील माहिती २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनुसार आहे.

गुण व पल्ला

दूरपल्ल्याच्या शस्त्रांचा नेम पात्राच्या चापल्यावर अवलंबून असतो. भाला व हातकुऱ्हाड ही मुळात हातघाईची शस्त्रे गणली जात असल्याने ती फेकतानाही बलच मोजले जाते. खंजिरासाठी मात्र दोहोंपैकी कोणताही गुण चालतो.

शस्त्र निवडताना केवळ इजेचा फासा पाहणे पुरेसे नसते. लांब धनुष्याचा फासा आठ बाजूंचा, तर फेकभाल्याचा सहा बाजूंचा. म्हणजे सरासरी इजा अनुक्रमे ४.५ व ३.५. परंतु पात्राचे बल १६ व चापल्य १० असल्यास बलामुळे +३ मिळतात आणि चापल्यामुळे काहीच नाही. अशा पात्राचा भाला सरासरी ६.५ इजा करतो, शिवाय नेम लागण्याची शक्यताही साधारणतः १५ टक्क्यांनी वाढते. मर्यादा आहे ती पल्ल्याची. भाला ३० फुटांपर्यंत सहज व १२० फुटांपर्यंत कसाबसा पोहोचतो. लांब धनुष्यासाठी हीच अंतरे १५० व ६०० फूट आहेत. सहज पल्ल्यापलीकडे, तसेच शत्रू ५ फुटांच्या आत असताना, वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून कमी आकडा घ्यावा लागतो.

हल्ल्यांची संख्या

पाचव्या पातळीपासून योद्ध्याला एका खेपेत दोन हल्ले करता येतात आणि येथे फेकीची शस्त्रे मागे पडतात. भात्यातून बाण काढणे हा हल्ल्याचाच भाग असतो. भाला मात्र एका खेपेत साधारणतः एकच उपसता येतो. क्रॉसबोही या बाबतीत अडखळतो, कारण तो पुन्हा भरावा लागत असल्याने विशेष कौशल्याविना एका कृतीत एकदाच सुटतो. २०२४ च्या सुधारित नियमांत फेकीचे शस्त्र उपसणे हल्ल्यातच समाविष्ट केले असल्याने भालाफेक्या पात्राची ही अडचण दूर झाली आहे.