अकाउंटंटला दिलेला पासवर्ड म्हणजे दुकानाची दुसरी किल्ली



आपल्या शहापूर-मुरबाडच्या बऱ्याच दुकानांत आता टॅली आहे, आणि टॅली बघणारा अकाउंटंट बसतो कल्याणला. जीएसटीची वीस तारीख जवळ आली की तो एनीडेस्कवरून तुमच्या कॉम्प्युटरवर येतो, नोंदी तपासतो आणि जातो. तुमचा कल्याणचा हेलपाटा वाचतो. सोय चांगली आहे, बंद करा असं मी सांगणार नाही. फक्त तो आत कसा येतो, ते एकदा बघा.

दोन पद्धती असतात. पहिलीत त्याने जोडणी मागितली की तुमच्या स्क्रीनवर विचारणा येते आणि तुम्ही ‘स्वीकारा’ दाबल्यावरच तो आत येतो. दुसरीत कायमचा पासवर्ड लावलेला असतो, म्हणजे दुकानात कोणी नसलं तरी तो येऊ शकतो. माझं मत विचाराल तर छोट्या दुकानाला पहिलीच पुरते. रात्री काम करायचंच असेल तरच दुसरी घ्या, आणि मग पासवर्डात कंजुषी नको.

एनीडेस्कचा नंबर म्हणजे नुसते आकडे, तो काही गुपित नसतो. खरी राखण पासवर्डच करतो. आणि आपल्याकडे पासवर्ड काय असतो? दुकानाचं नाव आणि पुढे १२३. नाहीतर मोबाइल नंबर, जो बाहेर पाटीवरच रंगवलाय. नाहीतर पिनकोड, ४२१६०१ किंवा ४२१४०१. नुसत्या सहा आकड्यांच्या जोड्या होतात दहा लाख. माणसाला हे खूप वाटतं, मशीनला नाही. “माझ्या एवढ्याशा दुकानाकडे कोण बघतंय?” असं बरेच जण म्हणतात. अहो, तिकडे माणूस बघतच नसतो. प्रोग्रॅम सगळ्यांचीच दारं ठोठावत फिरतो.

मग करायचं काय? एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या: घमेलं, तिकीट, जांभूळ, इस्त्री. इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करा. दोन हजार शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून चार शब्द काढले, तर जोड्या होतात सोळा लाख कोटी. (हेच चार शब्द वापरू नका, ते आता छापून झाले!) देवाचं नाव, मुलांची नावं, जन्मसाल नको. जीमेलचा किंवा बँकेचा पासवर्डही इथे नको. दर महिन्याला बदलत बसायची गरज नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनेही २०१७ पासून हेच सांगितलंय. पण अकाउंटंट बदलला, मुलगा काम सोडून गेला किंवा पासवर्ड व्हॉट्सॲपवर कुठे फिरला, तर त्याच दिवशी बदला. सोबत दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. म्हणजे पासवर्ड चोरीला गेला तरी मोबाइलवरच्या कोडशिवाय आत येता येत नाही.

विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप वापरत नसाल तर सेटिंग्जमध्ये ते बंदच ठेवा. कोणी राउटरमध्ये ३३८९ नंबरचं पोर्ट बाहेरून उघडून दिलं असेल, तर ते आजच बंद करून घ्या. ते इंटरनेटवर सगळ्यांना दिसतं.

आता, पासवर्ड कितीही भक्कम असला तरी तुम्ही स्वतःच दार उघडलंत तर उपयोग नाही. “बँकेतून बोलतोय, ॲप टाका, नऊ आकडी नंबर सांगा” असे फोन येतात. एनीडेस्कच्या नावाने होणाऱ्या या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा.

आणि बॅकअप. मुरबाडला एमआयडीसी आहे, त्या महामंडळाच्याच कॉम्प्युटरवर मार्च २०२१ मध्ये रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि काम अडलं. एवढ्या मोठ्या संस्थेकडे आयटीची माणसं तरी असतात. आपल्याकडे उधारीची सगळी यादी त्या एकाच टॅलीत. ती कुलूपबंद झाली तर कोणाकडून किती येणं आहे, हे तोंडपाठ आहे का तुम्हाला? म्हणून दर शनिवारी पेनड्राइव्हवर डेटा घ्या आणि पेनड्राइव्ह काढून घरी न्या. कॉम्प्युटरला लावूनच ठेवलात तर त्यातलाही डेटा कुलूपबंद होऊ शकतो.

एनीडेस्कमध्ये ही सेटिंग्ज कुठे सापडतात, ते या आठवड्याच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय. कॉम्प्युटरसमोर बसूनच बघा, दहा मिनिटांत होतं.