बिडाची पेटी, पाचव्या गिअरचा नट

फोर व्हील ड्राइव्ह गाडीत मोठे इंजिन बसवायचे ठरले की गिअरबॉक्स निवडणाऱ्याची नजर आधी एका आकड्यावर जाते: तो किती टॉर्क झेलतो. माझ्या मते पहिला गिअर त्याहून महत्त्वाचा. ट्रेमेक टीकेओ-600 ची क्षमता सुमारे 810 न्यूटन मीटर, न्यू व्हेंचर गिअरच्या एनव्ही4500 ची सुमारे 620. तरीही डोंगरातल्या गाडीसाठी मी दुसराच निवडेन. ट्रेमेकचा पहिला गिअर 2.87 चा आहे, एनव्ही4500 चा 5.61 चा. ट्रान्सफर केसचा लो रेंज 2.72 आणि डिफरन्शियल 4.10 धरले, तर एकूण गुणोत्तर एकीकडे 32 आणि दुसरीकडे जवळपास 63 येते. पुढे महिंद्राने भारतात बांधलेल्या विलिज सीजे-3बी या जीपचा साधा तीन गिअरांचा टी-90 देखील मूळ गाडीत 37 च्या घरात जात असे. गुणोत्तर मोठे असले की उतारावर इंजिनच गाडी आवरते आणि चढावर अर्धा क्लच जाळत बसावे लागत नाही.

एनव्ही4500 हा मुळात मालवाहू पिकअपचा गिअरबॉक्स. नव्वदच्या दशकात जनरल मोटर्सने तो वापरला, 1994 पासून डॉजच्या रॅममध्ये 5.9 लिटरच्या कमिन्स डिझेलमागेही तो बसला. त्याआधीच्या मन्सी एसएम465 चा पहिला गिअर 6.55 चा होता, पण चौथा थेट 1 चा. हायवेवर इंजिन ओरडतच राही. एनव्ही4500 मध्ये ओव्हरड्राइव्हचा पाचवा गिअर आहे. बिडाच्या केसिंगमुळे त्याचे वजन नव्वद किलोच्या आसपास जाते, हा आक्षेप खरा आहे. हलक्या जीपला ते जाणवणारच. दुसरा आक्षेप असा की ट्रान्सफर केसच 4 चा घेतला तर गिअरबॉक्स कोणताही चालेल. लो रेंजपुरते ते पटते. पण हाय रेंजमध्ये मोठे टायर आणि भरलेली गाडी हलवताना पुन्हा सगळा भार क्लचवरच येतो.

या भक्कम पेटीचा हट्टी अवयव म्हणजे पाचव्या गिअरचा नट. हा गिअर मेनशाफ्टच्या मागच्या टोकाला असतो आणि एका नटाने जागेवर धरलेला असतो. डॉजच्या डिझेल गाड्यांत इंजिनाच्या थरथरीने हा नट सैल होतो, गिअर मागे सरकतो आणि पाचवा नाहीसा होतो. बाकीचे चार गिअर चालूच राहतात, म्हणून मालक दुरुस्ती लांबणीवर टाकतो आणि तोवर शाफ्टचे दाते झिजतात. नुसता नट पुन्हा आवळून भागत नाही. त्याला घट्ट धरणारी पकड लागते, आणि दाते झिजले असतील तर पूर्ण दात्यांचा नवा शाफ्ट.

खरी मेहनत पुढे आहे. जनरल मोटर्स आणि डॉज यांच्या एनव्ही4500 चे इनपुट शाफ्ट आणि बेलहाउसिंग वेगळे, त्यामुळे इंजिन आणि ट्रान्सफर केस ठरल्याशिवाय गिअरबॉक्स विकत घेऊ नये. बेलहाउसिंगचे छिद्र क्रँकशाफ्टच्या मध्याशी जुळले आहे का, हे डायल गेजने पाहावे लागते. डायलवर सुमारे 0.13 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर पुढचे बेअरिंग लवकर जाते. हा गिअरबॉक्स लांब असल्याने आखूड जीपमध्ये मागचा प्रोपेलर शाफ्ट इतका लहान होतो की त्याचे जॉइंट तीव्र कोनात फिरतात. तेलही जीएल-4 वर्गातले सिंथेटिकच हवे. डिफरन्शियलचे जीएल-5 ओतले तर सिंक्रोनायझर बिघडू शकतो. शिवाय जवळपास 63 पट वाढलेला टॉर्क शेवटी जुन्या ॲक्सलवरच येतो. खडकात अडकलेल्या चाकाला तो मिळाला तर हाफ शाफ्ट तुटतो, म्हणून गिअरबॉक्सबरोबर ॲक्सलचाही खर्च धरावा लागतो.