ठराव ते अंमल : नगरपरिषदेचा रोजचा कारभार

महाराष्ट्रातील लहान शहरांचा कारभार नगरपरिषदा पाहतात. १९६५चा नगरपरिषद अधिनियम हा त्यांचा कायदा. एक लाखावर लोकसंख्या असलेल्या शहराची नगरपरिषद ‘अ’ वर्गात येते, ४० हजार ते एक लाखापर्यंतची ‘ब’ वर्गात आणि त्याखालची ‘क’ वर्गात. दहा ते २५ हजार वस्तीच्या, गावपण सोडून शहर होऊ लागलेल्या ठिकाणांसाठी नगरपंचायत असते. १ जून १९९३पासून अंमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना संविधानात जागा दिली, पाच वर्षांची मुदत ठरवली आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी १८ विषय नमूद केले. सामान्य माणसाचा संबंध मात्र चार-पाच विषयांशीच येतो: नळाचे पाणी, दारातला कचरा, गटार, रस्त्यावरचा दिवा आणि वेळोवेळी लागणारा दाखला.

या संस्था घटनादुरुस्तीपेक्षा कितीतरी जुन्या आहेत. १८५०च्या कायद्याने शहरांना स्वतःची नगरपालिका स्थापण्याची मुभा मिळाली आणि मुंबई इलाख्यातील अनेक गावांनी ती लगेच घेतली. कराड आणि पंढरपूर या दोन्ही नगरपालिका १८५५च्या. १८८२मध्ये लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि निवडून आलेल्या सभासदांचे प्रमाण वाढू लागले. वकील, व्यापारी, शिक्षक, वतनदार अशी मंडळी तिथे बसू लागली. मतांचा हिशेब, विरोधकाचे भाषण ऐकून घेणे आणि सार्वजनिक पैशाचा जाब देणे या गोष्टी महाराष्ट्रातल्या कित्येक कार्यकर्त्यांनी विधिमंडळाआधी नगरपालिकेत शिकून घेतल्या. कराडला पी. डी. पाटील चार दशकांहून अधिक काळ नगराध्यक्ष होते. एवढ्या सलग काळात एका शहराची घडी कशी बसते, याचे तसे उदाहरण राज्यात क्वचितच सापडेल.

नगरपरिषदेची सत्ता दोन खुर्च्यांत वाटलेली असते. नगराध्यक्ष हा लोकांनी निवडलेला प्रमुख, तर मुख्याधिकारी हा शासनाने नेमलेला प्रशासक. सभा बोलावणे, ती चालवणे आणि कामावर देखरेख ठेवणे नगराध्यक्षाकडे. कर्मचारी, हिशेब, परवाने आणि ठरावांची अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याकडे. दोघांचे जमले तर शहराची कामे सरळ चालतात, बिनसले तर फायली या दालनातून त्या दालनात फिरत राहतात. नगराध्यक्ष थेट जनतेने निवडावा की नगरसेवकांनी, याबाबत राज्याचे धोरण वारंवार बदलले. २०१६मध्ये थेट निवड आली, २०२०मध्ये ती रद्द झाली आणि २०२२मध्ये पुन्हा आणली गेली. थेट निवडलेल्या अध्यक्षाला शहरभराचा कौल असतो, पण सभागृहात बहुमत असेलच असे नाही. बहुमत दुसऱ्या पक्षाचे असले की अंदाजपत्रकापासून पाणीपट्टीपर्यंत प्रत्येक विषय अडू शकतो.

कारभाराचा गाभा म्हणजे सर्वसाधारण सभा. सभेआधी नगरसेवकांच्या घरी विषयपत्रिका पोचते: प्रभाग अमुकमधील गटारीचे काम, टाऊन हॉलची दुरुस्ती, आठवडे बाजाराच्या वसुलीचा ठेका, पंपगृहासाठी नवी मोटार. सभेत गणसंख्या पाहिली जाते, मागील सभेचे इतिवृत्त कायम होते आणि एकेक विषय पुकारला जातो. विषयाला एक सूचक, एक अनुमोदक. कोणी विरोध नोंदवला तर तो नावानिशी लिहून घ्यावा लागतो. शेवटी येतात आयत्या वेळचे विषय. जाणता नगरसेवक इथेच सर्वांत सावध असतो, कारण विषयपत्रिकेत न आलेल्या गोष्टीचा अभ्यास करून कोणी आलेले नसते. बेकायदा किंवा लोकहिताला बाधक वाटणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी थांबवू शकतात.

ठराव झाला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. एका गटारीसाठी आधी अंदाजपत्रक लागते, मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश. काम सुरू झाले की अभियंता लांबी, रुंदी, खोली मोजून मोजमाप पुस्तिकेत उतरवतो आणि त्या नोंदीवर ठेकेदाराचे देयक निघते. गटारीचा उतार चुकला तर पाणी उलट घरात शिरते. पण ती चूक मोजमाप पुस्तिकेच्या आकड्यांत दिसत नाही, पहिल्या पावसात दिसते. म्हणून चांगला नगर अभियंता कागद तपासून थांबत नाही, काँक्रीट पडण्याआधी जागेवर जाऊन पातळी पाहतो.

ठराव आणि अंमल यांतले अंतर किती मोठे असू शकते, हे महाडने देशाला दाखवले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. त्याला अनुसरून, सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असताना महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण तीन वर्षे तिथे पाणी भरण्याची सोय अस्पृश्यांना कोणी होऊ दिली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, ते त्या ठरावाला प्रत्यक्षात उतरवण्यासाठी. त्यांच्यावर हल्ले झाले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे तळे खासगी असल्याचा दावा कोर्टात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळायला १९३७ साल उजाडले. एका छोट्या नगरपालिकेच्या इतिवृत्तातील दोन नोंदी भारतीय समाजाच्या इतिहासाचा भाग होऊन बसल्या आहेत. स्थानिक कारभाराला क्षुल्लक समजणाऱ्यांनी त्या दोन तारखा लक्षात ठेवाव्यात.

पाणी हा आजही नगरपरिषदेचा सर्वांत नाजूक विषय. नदी किंवा धरणाकाठच्या जॅकवेलमधून उचललेले पाणी जलशुद्धीकरण केंद्रात येते, तिथे तुरटीने गाळ खाली बसतो, वाळूच्या थरांतून पाणी गाळले जाते, क्लोरीन मिसळले जाते आणि मग ते जलकुंभात चढते. भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाण्याचे मान धरले जाते, नसलेल्या शहरात ७० लिटरचे. बहुतेक लहान शहरांत पाणी ठरावीक वेळीच सुटते, आणि उन्हाळ्यात अनेक ठिकाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिराने. इथे सगळी भिस्त व्हॉल्व्हमनवर असते. चौकातल्या चेंबरचे झाकण उचलून तो कमरेएवढी लांब लोखंडी चावी आत घालतो आणि मोजून आटे फिरवतो. किती आटे उघडले की उंचावरच्या आळीत पाणी चढते आणि कोणता व्हॉल्व्ह आधी बंद करावा लागतो, हे नकाशापेक्षा त्याच्या हाताला अधिक ठाऊक असते. खालच्या भागातल्या नळांना कोणी मोटार लावली की वरच्या घरांत नुसती हवा येते. हा व्हॉल्व्हमन निवृत्त होण्याआधी त्याचे ज्ञान कागदावर उतरवून घेणारी नगरपरिषद शहाणी म्हणायची. पाणी सुटल्यावर वस्तीच्या शेवटच्या नळाचा नमुना घेऊन त्यात ओ.टी. द्रावणाचे थेंब टाकतात. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन तिथवर पोचले. पिवळेपण आले नाही तर वाहिनी कुठेतरी गळते आहे किंवा मात्रा कमी पडली आहे, आणि आरोग्य विभागाने त्याच दिवशी हालचाल करायला हवी.

जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी एरवी शांत असते. शाळाप्रवेशाच्या दिवसांत मात्र तिथे रांग लागते. १९६९च्या कायद्यानुसार घटना २१ दिवसांत कळवायची असते. दवाखान्यातील जन्म दवाखानाच कळवतो, घरच्या घटनेची जबाबदारी कुटुंबाची. बाळाचे नाव ठरलेले नसले तरी जन्म नोंदवता येतो, नाव मागाहून घालता येते. वर्ष उलटून गेले की सक्षम दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही आणि मग साक्षीपुरावे गोळा करत हेलपाटे सुरू होतात. १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, त्या तारखेपासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना अशा अनेक कामांत जन्मदाखला हाच जन्माच्या तारखेचा आणि ठिकाणाचा पुरावा ठरला आहे. त्यामुळे नावातली एक वेलांटी चुकवणाऱ्या लिपिकाचे काम आता पूर्वीपेक्षा कितीतरी जोखमीचे झाले आहे.

स्वच्छतेचा दिवस पहाटे मुकादमाच्या हजेरीने सुरू होतो. कोण कुठल्या आळीत झाडणार, कोणती घंटागाडी कोणत्या रस्त्याने जाणार, रजेवर कोण, बदली कोण, हे तिथेच ठरते. २०१६च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करण्याची सक्ती केली. या कामात महाराष्ट्रातील काही लहान शहरे देशात पुढे आली. एक लाखाखालच्या शहरांच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०२०मध्ये कराड देशात पहिले आले, २०२१मध्ये विटा आणि २०२२मध्ये पाचगणी. वेंगुर्ल्याने त्याआधीच कचऱ्याचे काटेकोर वर्गीकरण करून आपल्या कचरा डेपोचे लोकांनी पाहायला यावे अशा ठिकाणात रूपांतर केले होते. या यशाचे श्रेय हातमोज्यांशिवाय, गमबुटांशिवाय वर्षानुवर्षे काम केलेल्या सफाई कामगारांना सर्वांत आधी जाते. वर्गीकरण घरात झाले नाही तर ते त्यांच्याच हातांनी होते.

या सगळ्याला पैसा लागतो आणि तोच लहान शहरांकडे कमी असतो. १९९९मध्ये नगरपरिषद क्षेत्रातील जकात बंद झाली आणि रोज हाती येणारे उत्पन्न गेले. त्या बदल्यात राज्याकडून सहायक अनुदान मिळते. पगाराची मदार त्यावर असते. स्वतःचे मुख्य उत्पन्न म्हणजे घरपट्टी. तिचा हिशेब कठीण नाही. समजा, एखाद्या घराला वर्षाला १२ हजार रुपये भाडे येऊ शकते. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की १० हजार ८०० हे करयोग्य मूल्य आणि त्यावर ठरलेल्या टक्क्यांनी कर. त्याच बिलात राज्यासाठी वसूल होणारा शिक्षण कर असतो आणि मालमत्ता निवासी नसेल तर रोजगार हमी करही. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, हरकती मागवून सुनावणी घेतली जाते. निवडणूक जवळ असली की ही आकारणी पुढे ढकलण्याचा मोह सर्वच पक्षांना होतो आणि त्याची किंमत पुढच्या पाणीयोजनेला मोजावी लागते. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. मार्चमध्ये वसुलीची पथके दारोदार फिरतात.

काही शहरांना आपल्या वस्तीपेक्षा फार मोठा भार पेलावा लागतो. २०११च्या जनगणनेत पंढरपूरची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती, आषाढीला मात्र तिथे लाखो वारकरी येतात. नगरपरिषदेला त्या काही दिवसांसाठी एका महानगराचे पाणी, शौचालये, दिवे आणि सफाई उभी करावी लागते. चंद्रभागेपलीकडच्या ‘६५ एकर’ परिसरात दिंड्यांच्या तंबूंची व्यवस्था होते. वारी उलगडली की खरे कष्ट सुरू होतात: वाळवंट, घाट आणि गल्ल्या साफ करून साथ पसरू न देणे.

२०२२च्या आसपास बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपली आणि आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्याने निवडणुका लांबल्या. त्या काळात प्रशासकाने एकट्याने ठराव करायचे आणि त्यानेच ते अंमलात आणायचे, असा कारभार चालला. रस्ते झाले, बिलेही निघाली. पण सभेत उभे राहून प्रश्न विचारणारे कोणी नव्हते आणि विरोध नोंदवायलाही कोणी नव्हते. अखेर डिसेंबर २०२५मध्ये २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींसाठी मतदान झाले, २१ डिसेंबरला निकाल लागले आणि नगराध्यक्ष थेट मतदानाने निवडले गेले. अर्ध्या जागा महिलांसाठी राखीव होत्या. निकालानंतर नव्या सभागृहासमोर पहिली कामे ठरलेली असतात: उपनगराध्यक्षाची निवड, स्वीकृत सदस्यांची नेमणूक, विषय समित्यांची रचना आणि मार्चच्या आत पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक.